दुसरा मिनार

आमच्या मूळ गावच्या वाड्यात, सोप्याच्या उत्तरेकडील भिंतीवर, एक चित्र पुष्कळ वर्षे टांगलेले होते. निजामी अमदानीत तालुक्याच्या शाळेवर असलेल्या एका ड्रॉइंग मास्तरांकडून आमच्या आजोबांनी ते काढवून घेतले, एवढीच माहिती घरात होती. चित्रात डाव्या हातास महमूद गवानाचा मदरसा आहे आणि त्याचे दोन्ही मिनार ताठ उभे आहेत. मागे कल्याणच्या किल्ल्याचा दरवाजा. उजवीकडे अष्टूरच्या घुमटांची रांग. पुढे मांजरा नदी, तिला बांधीव घाट. आणि घाटाच्या वर, झाडीच्या पलीकडे, उंचवट्यावर आमची गढी. गढीला सात बुरूज.

बीदरास ज्यांचे जाणे-येणे आहे त्या वाचकांस यातील घोटाळा सांगण्याची गरज नाही. मदरशाचा एकच मिनार आज शिल्लक आहे. कल्याण बीदरपासून सुमारे ८० किलोमीटर दूर. मांजरा मदरशाच्या पायाशी वाहत नाही आणि अष्टूरचे घुमट गावाबाहेर, निराळ्या दिशेस आहेत. गढीचे म्हणाल, तर आमच्या बालपणी तिचा एक बुरूज उभा होता आणि दुसऱ्याची निम्मी भिंत. उरलेली पांढरी माती गावकऱ्यांनी माळवदावर टाकण्यासाठी बैलगाड्या भरभरून नेली होती. सात बुरूज आजोबांनी तरी पाहिले होते की नाही, याची आम्हास शंकाच आहे.

वाड्याच्या वाटण्या झाल्या, आता तो उतरविण्याचे ठरले आहे. तुळया आणि नाटा यांचा सौदाही झाला. चित्र आमच्याकडे आले. मंडळातील स्नेह्यांनी ते पाहिले आणि त्रैमासिकाच्या मुखपृष्ठावर छापावे असे सुचविले. खाली ओळ घालावयाची : ‘बीदरचे पूर्ववैभव : एक जुने चित्र’. या ओळीवरून बैठकीत वाद झाला. निवृत्त शिक्षक असलेल्या एका सदस्यांनी म्हटले, की हे चित्र खोटे आहे आणि खोट्याखाली वैभव हा शब्द लिहिणे म्हणजे मुलांना फसविणे होय. दुसरे एक सदस्य, व्यवसायाने डॉक्टर, म्हणाले, “अहो, चित्र म्हणजे काय सात-बाराचा उतारा आहे? कोणाचे काय नुकसान होते?” त्या दिवशी आम्ही मुकाट बसलो, कारण दोघांचेही म्हणणे आम्हास पटत होते. पुढील विवेचन म्हणजे त्या मौनाची भरपाई समजावी.

आजोबांच्या मास्तरांना ठाऊक असण्याचा संभव नाही, परंतु अठराव्या शतकातील इटलीत अशा चित्रांचा एक स्वतंत्र प्रकारच रूढ होता. त्यास ‘काप्रिच्चो’ म्हणत. लहर, स्वैर कल्पना असा त्या शब्दाचा भाव आहे. त्याच्या जोडीचा दुसरा प्रकार ‘वेदूता’, म्हणजे जे जेथे आहे ते तेथेच ठेवून काढलेले स्थलदृश्य. पिआचेंझाहून रोमला येऊन स्थायिक झालेला ज्योव्हान्नी पाओलो पानिनी (१६९१–१७६५) दोहोंतही निष्णात होता. काप्रिच्चो रंगविताना तो पँथिऑन, कलोसिअम, ट्राजन बादशहाचा स्तंभ अशा रोमच्या निरनिराळ्या भागांतील वास्तू एका चौकटीत आणून शेजारी शेजारी मांडी. प्रत्येक वास्तू अचूक, तिच्या खांबावरील नक्षीदेखील अचूक. शेजार मात्र कल्पित. इंग्लंडातील धनिकांची मुले शिक्षणाची सांगता म्हणून इटलीची यात्रा करीत आणि परतताना अशी चित्रे विकत नेत. काशीहून येणारा यात्रेकरू गंगेचा गडू आणतो, तसाच तो प्रकार. सगळे रोम एका भिंतीवर मावावे, एवढीच त्या गिऱ्हाइकाची मागणी असे.

व्हेनिसच्या कानालेत्तोने (१६९७–१७६८) याहून पुढची मजल मारली. रिआल्तोच्या पुलासाठी पाल्लादिओ या सोळाव्या शतकातील थोर वास्तुकाराने एक आराखडा केला होता. तो मान्य झाला नाही. १५८८ ते १५९१ या काळात दुसऱ्याच्या आराखड्याने पूल बांधला गेला. फ्रान्चेस्को आल्गारोत्ती या विद्वान रसिकाच्या सांगण्यावरून कानालेत्तोने व्हेनिसच्या त्याच कालव्यावर पाल्लादिओचा न बांधलेला पूल रंगविला आणि त्याच्या दोन्ही अंगांस विचेन्त्सा गावातील पाल्लादिओच्या दोन इमारती आणून ठेवल्या. अर्थात तेथे जे कधी झालेच नाही, तेच चित्रात नांदत आहे. व्हेनिसच्या नागरिकाने ते पाहिले असता तो फसणे शक्य नव्हते, कारण रोज त्या पुलावरून त्याचे जाणे होते. चित्राची गंमत त्याच्या माहितीवरच उभी होती.

पिरानेसीची (१७२०–१७७८) गोष्ट वेगळी आणि आमच्या प्रश्नास अधिक जवळची. रोमचे अवशेष मोजून, त्यांच्या विटा मोजून, त्याने ताम्रपटांवर कोरले. त्या श्रमांबद्दल त्याचे ऋण कोणी नाकारणार नाही. पण १७६२ साली त्याने प्राचीन रोमच्या कांपो मार्झो या भागाचा जो प्रचंड नकाशा प्रसिद्ध केला, त्यातील कितीतरी देवळे, स्नानगृहे आणि दालने त्याच्या डोक्यातून निघाली होती. नकाशा मात्र मोजणी कामगाराच्या नकाशासारखा दिसतो. कल्पनेने येथे पुराव्याचा अंगरखा घातला. जर्मन कवी ग्योटे पुढे रोममध्ये राहिला तेव्हा त्याने नोंदविले, की पिरानेसीच्या चित्रांनी मन भरून गेल्यामुळे प्रत्यक्ष स्नानगृहांचे अवशेष पाहून म्हणावे तसे समाधान झाले नाही. आमच्या एका भाच्याची मदरशापाशी हीच गत झाली. लहानपणापासून वाड्यातील चित्र पाहिलेला तो मुलगा, बीदरास प्रथम गेला तेव्हा म्हणाला, “एवढेच?”

आता एवढेच म्हणण्यासारखी ती वास्तू नाही. सुमारे २०५ फूट लांब आणि १८० फूट रुंद, तीन मजली; ग्रंथालय, व्याख्यानाची दालने, मशीद, विद्यार्थ्यांच्या खोल्या; दर्शनी भागावर निळ्या-पिवळ्या-पांढऱ्या काशीकामाच्या फरशा. गिलानहून आलेला एक व्यापारी बहमनी राज्याचा वजीर होतो आणि १४७२ साली दख्खनच्या पठारावर इराणी धर्तीचे विद्यापीठ उभे करतो, ही हकीकत काल्पनिक चित्रापेक्षा कमी अद्भुत नव्हे. परंतु त्या मुलास दुसरा मिनार दिसला नाही. पोकळी दिसली, आणि पोकळीचा अर्थ त्यास कोणी सांगितला नव्हता.

तो अर्थ असा. मोगल अमलात या इमारतीत दारूगोळा साठविला होता. १६९६ साली त्याचा स्फोट झाला आणि दर्शनी भागाचा दक्षिणेकडील हिस्सा मिनारासह उडाला. पुढे निजामी राज्याच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी बीदरच्या वास्तूंचा तपशीलवार अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९४७ साली निघाला आणि आजही त्यावाचून अभ्यासकाचे पान हलत नाही. दुसरा मिनार मात्र पुन्हा कोणी बांधला नाही. आमच्या मते हे उचित झाले. तुटलेली ती बाजू हे १६९६ सालाचे स्वाक्षरी केलेले पान आहे. आमच्या ड्रॉइंग मास्तरांनी ते पान फाडले.

यावर डॉक्टर स्नेही म्हणतील, की मास्तरांनी गवानाच्या काळचा मदरसा काढला असे समजा, म्हणजे झाले. तेही पटण्याजोगे नाही. गवानाच्या काळचा मदरसा काढावयाचा, तर आमची गढी पुसली पाहिजे. आमचे पूर्वज वतन घेऊन या भागात आले ते कितीतरी नंतर. शिवाय अष्टूरला हुमायून बहमनीच्या घुमटाचा अर्धा भाग कोसळला आहे, वीज पडून कोसळला असे सांगतात, आणि उरलेला अर्धा शिंपल्यासारखा उघडा उभा आहे. चित्रात तो घुमट तसाच, फुटलेला आहे! म्हणजे मदरसा पंधराव्या शतकातला, घुमट विसाव्या शतकातला आणि गढी कोणत्याच शतकातली नव्हे. जेथे पडझड शोभून दिसते तेथे ती ठेवली. जेथे शोभत नाही तेथे बुजविली.

याच महमूद गवानाचा अंत कसा झाला, हे आमच्या वाचकांपैकी जुन्या मंडळींस मुखोद्गत असेल. दरबारातील वैऱ्यांनी त्याची मोहोर उमटविलेला कोरा कागद मिळविला. त्यावर ओरिसाच्या राजास राज्यावर चालून येण्याचे निमंत्रण देणारे पत्र लिहिले आणि ते सुलतान मुहम्मदशहा तिसरा याच्यापुढे ठेवले. सुलतानाने मोहोर ओळखली आणि १४८१ साली त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला. मोहोर खरी होती. कागदही खराच. दोन खऱ्या वस्तू एकत्र आणून त्यांच्यामध्ये एक खोटा मजकूर बसविला, एवढेच घडले. मग पानिनीच्या चित्रात आणि त्या पत्रात फरक कोणता? दोन्हीकडे सुटे भाग अस्सल, जुळणी बनावट.

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. ‘एकाने जीव गेला, दुसऱ्याने कोणाचे काही बिघडले नाही’ हे उत्तर पुरेसे वाटत नाही. परिणामावरून खरेखोटे ठरविले तर, न पकडलेली प्रत्येक लबाडी निर्दोष ठरेल. फरक आमच्या मते जुळणी उघड आहे की झाकलेली, यात आहे. पानिनीचा ग्राहक रोम हिंडून आलेला होता. कानालेत्तोचा ग्राहक तर जुळणीसाठीच पैसे देत होता. बनावट पत्र मात्र जुळणी दिसली की त्याच क्षणी निकामी होते. न दिसण्यावरच त्याची सारी ताकद. पिरानेसीचा नकाशा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसतो, आणि म्हणूनच तो अधिक अस्वस्थ करतो.

पण या कसोटीत एक अडचण आहे, आणि ती आम्हीच उपस्थित करतो. उघडपणा चित्रात नसतो, पाहणाऱ्याच्या माहितीत असतो. आजोबांना ठाऊक होते, की कल्याण येथून दिसत नाही. त्यांच्या सोप्यात बसणाऱ्या पाहुण्यांनाही ठाऊक होते; ते हसून सुपारी कातरीत असतील. वडिलांना निम्मे ठाऊक होते. भाच्यास काहीच नाही. चित्रात एक रेषाही न बदलता ते तीन पिढ्यांत लहरीचे खोट्यात रूपांतरित झाले. याचा दोष मास्तरांस देता येत नाही. तो सांगण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे होती, त्यांच्याकडे जातो.

जुन्या दगडांची नवी जुळणी केवळ रंगाने होते असे नाही. सन्नतीची चंद्रलांबा वाचकांपैकी अनेकांची कुलदेवता आहे. त्या परिसरातील कालीमंदिराचे छत १९८६ साली कोसळले आणि मूर्तीच्या आसनाखालची शिळा उघडी पडली. तिच्यावर ब्राह्मी लिपीत अशोकाचे आदेश निघाले. मूर्ती बसविण्यासाठी त्या शिळेत मधोमध खाच पाडली होती, त्यात कित्येक अक्षरे गेली. ज्यांनी ती पाडली त्यांना ती लिपी वाचता येत नव्हती. त्यांना बसकट, सपाट दगड हवा होता. त्या आदेशांत बारावा आदेश आहे. आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करताना मनुष्याने वाणीस आवर घालावा, इतरांच्या पंथांचाही मान राखावा, असा त्याचा आशय. शेकडो वर्षे आमच्याच पूर्वजांनी तेथे नारळ फोडले आणि खाली हे लिहिलेले होते. या जुळणीस खोटी म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. तिने अक्षरे तोडली, आणि उरलेली राखली. हाताने केलेल्या वापरात आणि मनाने केलेल्या सजावटीत हा भेद आम्हास जाणवतो, की वापरणारा दगडाबद्दल काही दावा करीत नाही. बसवकल्याणात २०२१च्या जानेवारीत नव्या, भव्य अनुभवमंडपाची पायाभरणी झाली, तीही याच दृष्टीने पाहावी. ते श्रद्धेने बांधलेले नवे स्मारक आहे असे सांगितले जाईल तोवर कोणाची फसवणूक नाही. उद्या कोणी ते बाराव्या शतकाचे चित्र म्हणून पाठ्यपुस्तकात घातले, तर प्रश्न उद्भवेल.

आता माणसांविषयी. पानिनीच्या चित्रांत पडक्या कमानींखाली लहान लहान माणसे असतात : कोणी सैनिक, कोणी हात उंचावून बोलणारा, कोणी धुणे घेऊन चाललेली बाई. खांब किती उंच आहे हे कळावे म्हणून ती तेथे आहेत. यूबेर रोबेर हा फ्रेंच चित्रकार रोममध्ये ११ वर्षे राहून ही विद्या शिकला. त्याच्या चित्रांविषयी १७६७ साली लिहिताना दिदरोने तक्रार केली, की यात माणसे फार झाली, तीन-चतुर्थांश पुसून टाका. भग्नावशेष एकांतातच मनास भिडतात, हे त्याचे म्हणणे. कलेच्या दृष्टीने ते बरोबर असेल. परंतु कलबुर्गीच्या किल्ल्यात, १३६७च्या त्या अपूर्व जामा मशिदीच्या अवतीभोवती, कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या घरे करून राहत आली. त्यांचे काय करावे हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. तेथे तीन-चतुर्थांश पुसणे म्हणजे काय, हे दिदरोस विचारावेसे वाटते. वास्तू जपली पाहिजे यात आम्हास संदेह नाही. पण जपणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रिकाम्या अवशेषांचे चित्र आधीपासून टांगलेले असते, एवढे त्याने ध्यानात ठेवावे.

आमच्या चित्रातही माणसे आहेत. घागरी घेतलेल्या दोन बाया, एक धनगर, एक घोडेस्वार. एकालाही चेहरा नाही.

येथे आम्हास एका गोष्टीचा उल्लेख करणे प्राप्त आहे, आणि ती सोयीची नाही. घाट आणि गढी यांच्या दरम्यान मास्तरांनी जी दाट झाडी काढली आहे, त्या जागी गावात आम्ही लहानपणी खेळत असू. तेथे एक पडकी भिंत, दोन कमानी आणि चुन्याने बांधलेला आड होता. त्यास सगळे ‘पडका वाडा’ म्हणत. कोणाचा, हे विचारण्याचे कधी सुचले नाही; आपण मदरसा कोणाचा हे विचारतो, पडका वाडा कोणाचा हे विचारीत नाही. १९४८च्या मे महिन्यात गोरटा येथे रझाकारांनी केलेली कत्तल आमच्या घराघरांत सांगितली जाते, आणि ती सांगितली गेलीच पाहिजे. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, निजामी संपली. त्यानंतरच्या आठवड्यांत बीदर, गुलबर्गा, उस्मानाबाद, नांदेड या जिल्ह्यांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे ओढवले, त्याची चौकशी करावयास सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविली होती. तिचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता. अहवाल कित्येक दशके बंद राहिला. सर्वसामान्य वाचकास तो २०१३च्या सुमारास पाहावयास मिळाला. आमच्या घरात त्याविषयी शब्दही निघत नसे.

रोबेरने १७९६ साली एक विलक्षण चित्र काढले. पॅरिसच्या लूव्र राजवाड्याचे मोठे दालन, जेथे त्याचे स्वतःचे येणे-जाणे होते, ते त्याने छत कोसळलेले, गवत उगवलेले असे दाखविले. आपल्या हयातीतील वास्तूचा अवशेष कल्पिण्याचे हे धैर्य. आम्हास कल्पना करण्याचीही गरज नव्हती, तो अवशेष परसदारी होता. तरी आम्हाला सुंदर वाटले ते दूरचे घुमट. असे का व्हावे? आमचे उत्तर हे, की जुन्या अवशेषाचा वारस दारात येऊन उभा राहत नाही. बहमनी सुलतानांपैकी कोणी आमच्याकडे मदरशाची किल्ली मागणार नाही. खेदाची जी गोड छटा अशा चित्रांतून मनावर उमटते, तिची किंमत कोणीतरी आधीच चुकती केलेली असते, आणि तो देणेकरी आपण नव्हतो अशी आपली खात्री असते. पडक्या वाड्यापाशी ती खात्री देता येत नाही, म्हणून तेथे गोडी नाही आणि चित्रही नाही.

तथापि मास्तरांवर अन्याय होऊ नये. चित्र निजामी काळातले, म्हणजे १९४८च्या पूर्वीचे. त्या वेळी तो वाडा पडका नव्हताच. त्यात कुटुंब नांदत होते. मग उभ्या घराच्या जागी झाडी का? या कोड्याने आम्हास झोप येईना, तेव्हा गेल्या दिवाळीत आम्ही आत्याबाईंकडे गेलो. त्यांचे वय आज नव्वदीच्या घरात. चित्र पलंगावर ठेवले, त्यांनी चष्मा पुसून पाहिले.

“हे काय, आडच नाही काढला,” त्या म्हणाल्या. “पिण्याचं पाणी त्यांच्याच आडाचं होतं की. आपल्या आडाला मचूळ पाणी. मी रोज दोन खेपा करायची.”

मग आम्ही त्या घराण्याचे नाव विचारले. त्यांनी सांगितले, आम्ही ते येथे लिहीत नाही, कारण त्यांचे कोणी कोठे असतील तर विचारल्यावाचून लिहिणे योग्य नव्हे. झाडी का काढली असावी, हे विचारताच आत्याबाई हसल्या. “दादांनी काढू दिलं नसेल. त्यांचं माळवद आपल्या गढीहून उंच होतं ना.”

मुखपृष्ठाची ओळ अजून ठरलेली नाही. आम्ही संपादकांकडे जो मजकूर दिला आहे त्यात ‘कल्पित दृश्य’ हे शब्द आहेत, चार वास्तूंची खरी ठिकाणे आहेत, दुसरा मिनार १६९६ साली पडला हे आहे, आणि झाडीच्या जागी एक घर व गोड्या पाण्याचा आड होता, हेही आहे. संपादकांचा निरोप आला, की चित्राखाली एवढी जागा नाही, एक ओळ गाळावी. कोणती, ते त्यांनी कळविलेले नाही.